मुंबईचं जुनं लहान जहाज की सिंगापूरचं नवं अजस्र जहाज?

प्रश्न परभणीचा आहे. आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, म्हणून घरातल्या दहा जणांना क्रूझवर जायचंय. अण्णा 76 वर्षांचे आणि इन्सुलिनवर, आई 71 ची आणि तिचे गुडघे दुखतात. बरोबर दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं: थोरल्याची दोघं कॉलेजात, धाकट्याची सात-आठ वर्षांची. एकीकडे मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणारं, 1990 साली बांधलेलं लहान जहाज. दुसरीकडे सिंगापूरहून निघणारं, चार हजारांवर प्रवासी घेणारं नवं जहाज. विचारलंय ते असं: जुनं म्हणजे धोक्याचं का, आणि लहान म्हणजे जास्त हलणारं का?

उत्तर आधी देतो. या दहा जणांसाठी मुंबईचं जुनं जहाज घ्या. अटी तीन: महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, केबिन खालच्या मजल्यावर मधोमध, आणि फेरी शुक्रवारी निघून रविवारी परतणारी नको. मात्र ही सहल खरं तर कॉलेजातल्या दोघांसाठी असेल आणि आई-अण्णा केवळ निमित्त असतील, तर सरळ सिंगापूर गाठा. घरच्या सहलीत नेमकी ही गोष्ट कोणी मोकळेपणी बोलत नाही आणि तिथेच निवड चुकते.

आता जहाजं बघू. मुंबईहून कॉर्डेलिया या कंपनीच्या नावाने धावणारी एम्प्रेस 1990 मध्ये फ्रान्समधल्या सँ-नाझेर इथल्या गोदीत 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधली गेली. पुढे ती 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाली, मधली काही वर्षं स्पॅनिश कंपनीकडे होती आणि 2021 पासून मुंबईहून धावू लागली. लांबी 211 मीटर, ग्रॉस टनेज 48,563, केबिनमागे दोघं धरले तर प्रवासी सुमारे 1,600. सिंगापूरहून 2022 ते 2024 या काळात धावलेलं 2019 चं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' नमुना म्हणून घ्या: 347 मीटर, 1,69,379 टन, प्रवासी सुमारे 4,200. सगळ्यात मोठ्या पंगतीतलं 'आयकॉन ऑफ द सीज' तर 365 मीटर, 2,48,663 टन आणि दोघांच्या हिशेबाने 5,610 प्रवाशांचं आहे. ते 2024 पासून मायामीहून निघतं, म्हणजे आपल्या वाटेवर नाही.

या टनांचा वजनाशी संबंध नाही. ग्रॉस टनेज हे जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. म्हणून त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी किती जागा मिळते याचा अंदाज येतो. एम्प्रेसचं उत्तर येतं 30, स्पेक्ट्रमचं 40, आयकॉनचं 44. लहान जहाज म्हणजे कमी गर्दी, असं सगळे गृहीत धरतात. आकडा उलटं सांगतो. जुन्या जहाजात माणशी जागा कमीच आहे. फरक आहे तो अंतरात. मोठ्या जहाजावर केबिनपासून जेवणघरापर्यंत एका वेळचं चालणं दोनशे-अडीचशे मीटर सहज होतं, आणि दिवसातून आठ-दहा खेपा होतात. आईच्या गुडघ्यांना माणशी घनमीटर कळत नाहीत, पावलं कळतात. दहा जण एकमेकांना हुडकत फिरणार नाहीत, हाही फायदाच. समुद्रात मोबाइलला रेंज नसते. मोठ्या जहाजावर कंपनीच्या अ‍ॅपवरून एकमेकांना निरोप देता येतो, पण तो अण्णांना जमेलच असं नाही. लहान जहाजावर 'चार वाजता मधल्या जिन्यापाशी' एवढं सांगितलं तरी भागतं.

तरी गर्दी कुठे लागते ते माहीत असू द्या. सकाळी साडेआठ ते साडेनऊ बुफेत, चढलेल्या दिवशी दुपारी लिफ्टपाशी, आणि शेवटच्या दिवशी सकाळी उतरताना. साडेसातला नाष्टा केला की पहिली अडचण मिटते. जुन्या जहाजांच्या लिफ्ट लहान आणि मोजक्या असतात, म्हणून दुसरीवर उपाय म्हणजे केबिनचा मजला नीट निवडणं. त्याबद्दल पुढे.

धोक्याचं म्हणाल तर एसटीत बसताना आपण गाडी कोणत्या सालची हे विचारत नाही, ब्रेक आणि ड्रायव्हर धड असावा एवढंच बघतो. जहाजाचंही तसंच. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून कलंडलेली कोस्टा कॉनकॉर्डिया तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती. 32 माणसं गेली, आणि त्यामागे कप्तानाचा निर्णय होता. उलट, जुन्या जहाजांना आगीचे नियम लागू झाले ते 1990 मध्ये 'स्कँडिनेव्हियन स्टार' या जहाजावरच्या आगीत 159 जण मेल्यानंतर. 1992 मध्ये नियम कडक झाले आणि टप्प्याटप्प्याने जुन्या जहाजांवरही आले. 1 ऑक्टोबर 2010 नंतर तर लाकूड वगैरे जळाऊ सामानाने बांधलेली जुनी प्रवासी जहाजं आंतरराष्ट्रीय सेवेतून बाहेरच पडली. 1990 सालचं जहाज या चाळणीतून गेलेलं असतं.

पण एका बाबतीत नवं जहाज खरोखर सरस आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 1 जुलै 2010 नंतर ज्यांच्या बांधणीला सुरुवात झाली, त्या मोठ्या प्रवासी जहाजांत एका भागात आग लागली किंवा पाणी शिरलं तरी स्वतःच्या बळावर बंदर गाठता येईल अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची आहे. इंजिनं, वीज, शौचालयाचे पंप, सगळं दोन वेगळ्या कप्प्यांत. जुन्या जहाजांत ती असेलच असं नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये 1999 सालच्या कार्निव्हल ट्रायम्फच्या इंजिनघराला आग लागली, तेव्हा चार हजारांवर माणसं मेक्सिकोच्या आखातात कित्येक दिवस विजेविना आणि तुंबलेल्या संडासांत अडकून पडली. अटलांटिक ओलांडायचा असता तर हा मुद्दा जड ठरला असता. मुंबई–गोवा मार्ग किनाऱ्याला धरून जातो, टगबोट काही तासांत पोचते. म्हणून तुमच्या सहलीपुरता मी त्याला फार वजन देत नाही.

वयापेक्षा महत्त्वाची आहे ती मालकाची तिजोरी. याचं उदाहरण मुंबईचंच आहे. एम्प्रेसच्याच वयाचं, 1990 मध्ये 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून आलेलं जहाज 2019 मध्ये 'कर्णिका' या नावाने जलेश क्रूझेसने मुंबईहून सुरू केलं. टाळेबंदी आली, कंपनी बंद पडली आणि 2020 संपायच्या आत कर्णिका तोडायला अलंगच्या किनाऱ्यावर लागली. जहाजाचा तळ किंवा इंजिन त्याला कारण नव्हतं; पैसा आटला. इंग्लंडमधली क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस ही जुन्या जहाजांचीच कंपनी त्याच वर्षी जुलैत बुडाली. जुनं जहाज स्वस्तात मिळतं, म्हणून भांडवल कमी असलेल्या कंपन्याही या धंद्यात उतरतात. तेव्हा सहा-आठ महिने आधी पूर्ण रक्कम भरू नका. अनामत भरून उरलेली रक्कम शेवटच्या मुदतीत द्या, आणि ती क्रेडिट कार्डावर द्या, म्हणजे फेरी रद्द झाली तर बँकेकडे दाद मागता येते.

जुन्या जहाजाची तपासणी घरबसल्या होते. प्रत्येक जहाजाला सात आकड्यांचा आयएमओ क्रमांक असतो. नाव कितीदाही बदललं तरी तो बदलत नाही. इक्वॅसिस या फुकट संकेतस्थळावर खातं काढून तो क्रमांक टाकला की जहाज कोणत्या वर्गीकरण संस्थेकडे (जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे) आहे आणि कोणत्या बंदरात तपासणीत अडकवलं होतं, ते दिसतं. अडकवल्याची एखादी जुनी नोंद असली तर घाबरू नका. तीन वर्षांत दोन-तीनदा असेल आणि कारणांत 'आग' किंवा 'लाइफबोट' असेल, तर पैसे भरू नका. कंपनीला दुसरा प्रश्न विचारा: शेवटचं ड्रायडॉक, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन केलेली तपासणी-दुरुस्ती, कधी झालं? प्रवासी जहाजाच्या तळाची पाच वर्षांत दोनदा ड्रायडॉकमध्ये तपासणी सक्तीची आहे आणि अशा दोन तपासण्यांत 36 महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ड्रायडॉकमध्येच गालिचे, गाद्या, एसीच्या नळ्या, शौचालयाचे पंप बदलले जातात. ड्रायडॉक होऊन वर्षभर झालेलं 1990 चं जहाज हे ड्रायडॉकची वेळ जवळ आलेल्या 2005 च्या जहाजापेक्षा राहायला बरं.

जुन्या जहाजावर बिघडतं ते बहुतेक तीनच ठिकाणी, आणि त्यातलं एक पाणी आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे आकडे जवळचे वाटतील. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली जलदूत रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. 1,600 प्रवासी आणि सहाशेवर खलाशी-कर्मचारी असलेलं जहाज माणशी सव्वादोनशे लिटर धरलं तरी रोज तेवढंच पाणी खर्च करतं. ते समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच बनतं: काही इंजिनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून, काही आरओने. वाफेचं यंत्र इंजिन जोरात चालू असताना चांगलं चालतं. बंदरात आणि बंदराजवळच्या गढूळ पाण्यात ते बंद ठेवतात, तेव्हा टाकीतलं पाणी वापरतात. म्हणून बंदरातून निघाल्यावर संध्याकाळी सगळे एकदम आंघोळीला गेले की जुन्या जहाजावर धार बारीक होते. आंघोळ सकाळी लवकर उरका किंवा दुपारी.

दुसरं ठिकाण शौचालय. जहाजावर ते हवेच्या दाबाने ओढणारं असतं आणि एका नळावर कित्येक केबिन असतात. शेजारच्या केबिनमधल्या कोणी वेट वाइप्स किंवा डायपर टाकले की तुमचंही बंद. नातवंडांना आधीच बजावा. बंद पडलं तर वाट बघत बसू नका, लगेच फोन करा, कारण दुरुस्ती नळाच्या रांगेने होते आणि आधी तक्रार करणाऱ्याचा नंबर आधी लागतो. तिसरं एसी. जुन्या केबिनमधला बटणाचा थर्मोस्टॅट पाच-सात अंशांपलीकडे काही बदलत नाही, बऱ्याचदा तेवढंही नाही. गारठा फार वाटला तर भिंतीवरची झडप अर्धी फिरवून घ्या, आणि अण्णांसाठी पातळ शाल ठेवा.

आता हलण्याबद्दल. जहाज दोन तऱ्हांनी हलतं: डावी-उजवी कुशी घेणं आणि पुढून-मागून वर-खाली होणं. कुशी घेणं आटोक्यात ठेवायला तळाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते एम्प्रेसच्या पिढीतही आहेत आणि जहाज वेगात असताना उपयोगी पडतात. पुढून-मागून होणाऱ्या हालचालीवर त्यांचा इलाज नाही; तिथे लांबी कामाला येते. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न खरा आहे: त्याच लाटेत 211 मीटरचं जहाज 347 मीटरच्यापेक्षा जास्त हलेल. पण मुळात लाट किती हे महिन्यावर ठरतं. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तो उतरतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबई–गोवा पट्टा सहसा इतका शांत असतो की जायकवाडीच्या नाथसागराच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटावं. वादळाची शक्यता ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोडी उरते, म्हणून डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा. 24 डिसेंबर ते 2 जानेवारी मात्र सोडा. भाडं चढतं आणि डीजे थांबत नाही.

बोट लागण्यावर, म्हणजे मळमळ-उलटीवर, औषध घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण घराघरांत असणारं अ‍ॅव्होमीन 76 वर्षांच्या माणसाला न विचारता देऊ नका. त्याने झोप येते, तोल जातो, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर त्रास वाढतो. गावच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि गोळी घ्यायची तर जहाज निघायच्या तासभर आधी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. उपाशी राहू नका, कोरडी पोळी किंवा टोस्ट खा आणि उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा.

केबिनची निवड हीच या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. डेकचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तो छापून घ्या आणि प्रत्येक केबिनच्या वर काय, खाली काय, शेजारी काय ते बघा. वर बुफे किंवा पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचघर असेल तर रात्री दीडपर्यंत ढोल. अगदी पुढच्या टोकाला नांगराची साखळी आणि बंदरात शिरताना बाजूने ढकलणारे थ्रस्टर. पहाटे साडेपाचला ट्रक रिव्हर्स घेतल्यासारखं वाटतं. अगदी मागे, जुन्या जहाजात, जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याची थरथर; टेबलावरचा ग्लास वाजतो. राहिलं ते मधलं. मधलं आणि खालचं. पाळण्याचा मधला भाग जसा कमी झुलतो, तसंच.

आई-अण्णांसाठी म्हणून मधल्या जिन्या-लिफ्टपासून चार-पाच केबिन दूर, खिडकीची केबिन घ्या. अगदी लिफ्टला चिकटून घेतली तर रात्रभर लोकांची वर्दळ. खिडकी म्हणजे नक्की काय ते विचारा. सगळ्यात खालच्या मजल्यांवर गोल झरोका असतो आणि समुद्र चढला की त्यावर लोखंडी झाकण लावतात. काही मजल्यांवर खिडकी असते पण समोर लाइफबोट लटकते. नकाशात अशा केबिनवर अडथळ्याची खूण असते, भाडंही कमी असतं. बाल्कनीच्या मागे लागू नका. 1990 च्या जहाजांत बाल्कन्या मोजक्या आणि महाग, आणि जुन्या जहाजांवर उघडा डेक जवळ असतो, समुद्र खाली दहा-पंधरा मीटरवर दिसतो. मोठ्या जहाजावर तो सात-आठ मजले खाली राहतो, आणि मधल्या दालनात बसलं की दिवसभर समुद्र न दिसताही निघतो.

आकार मनाशी धरून जा. त्या काळातल्या आतल्या साध्या केबिन 120-130 चौरस फुटांच्या, म्हणजे बारा फूट बाय साडेदहा फुटांची खोली, आणि त्यातच न्हाणीघर. नव्या जहाजांत 150 ते 180. न्हाणीघराच्या दाराशी चार ते सहा इंचांचा उंबरठा असतो, तोही घरच्यासारखा लाकडी नाही, लोखंडी. रात्री अंधारात आई तिथेच ठेचाळेल, म्हणून न्हाणीघरातला दिवा चालू ठेवा आणि दार अर्धवट लावा. व्हीलचेअरची केबिन हवी असेल तर आजच विचारा, जुन्या जहाजात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

दहा जणांची विभागणी अशी करा: आई-अण्णा एक, थोरला मुलगा-सून दुसरी, कॉलेजातली दोघं तिसरी, आणि ती आई-बापांच्या शेजारीच, कारण 18 वर्षांखालील मुलांना स्वतंत्र केबिन देताना कंपन्या पालकांची केबिन जवळ मागतात, धाकट्याचं चौघांचं कुटुंब चौथी. या चौथीत भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या दोन पलंगांवर मुलं झोपतात, शिडी लावून. चौघं तिथे झोपू शकतात, पण दिवसा एकदम उभे राहू शकत नाहीत. परवडत असेल तर मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन घ्या. बॅगा टणक नकोत. मऊ बॅग पलंगाखाली जाते, टणक बॅग वाटेत राहते.

धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरत नाहीत, हा मुद्दा केबिन निवडताना कोणी लक्षात घेत नाही. जमण्याची जागा चौथ्या-पाचव्या मजल्यावर असेल आणि आई दहाव्यावर राहत असेल, तर जिने उतरायचे कोणी? केबिन जमण्याच्या जागेच्या एक-दोन मजल्यांत असू द्या, आणि चढताच स्वागतकक्षात सांगून तिचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत घाला. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा इशारा. कॉनकॉर्डियानंतर, 1 जानेवारी 2015 पासून, जमण्याच्या जागी जाण्याचा हा सराव जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर घेणं बंधनकारक झालं. तो चुकवू नका. लहान मुलांचे लाइफजॅकेट वेगळ्या मापाचे असतात, केबिनमध्ये नसतील तर त्याच वेळी मागा.

गोवा की लक्षद्वीप, यात मी आईसाठी गोवा म्हणेन. गोव्यात जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं आणि पायरीने उतरता येतं; भरती-ओहोटीप्रमाणे तिचा उतार बदलतो, एवढंच. पणजी रस्त्याने सुमारे 30 किलोमीटर. पणजी गाठण्याऐवजी मंगेशी आणि शांतादुर्गा करून या, दोन्ही फोंड्याकडे आहेत आणि अर्ध्या दिवसात होतात. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर थांबतं आणि लहान बोटींतून माणसं बेटावर नेतात. जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो, खलाशी दोन्ही हात धरतात, पण गुडघ्यांना तो क्षण जड जातो, आणि वारा वाढला तर बेटावर उतरणं रद्दच होतं. शिवाय लक्षद्वीपला प्रवेश-परवाना लागतो.

बोटींचा हिशेब मोठ्या जहाजाबद्दलही करून बघा. शंभर माणसांची बोट, जाऊन-येऊन चढ-उतारासह 40 मिनिटं, अशा चार बोटी म्हणजे तासाला 600 माणसं. सिंगापूरची काही जहाजं फुकेतला पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात. 4,200 प्रवाशांना उतरवायला त्या वेगाने सात तास लागतील, म्हणून जास्त बोटी लावतात, तरी नंबराची चिठ्ठी घेऊन तासभर थांबणं धरूनच चला. आणि परत येतानाही तेवढंच. बंदरं बघायची असतील तर लहान जहाज, जहाजच बघायचं असेल तर मोठं. मोठ्या जहाजावर बघायला आहेही बरंच: स्पेक्ट्रमवर समुद्रापासून सुमारे 90 मीटर उंच नेणारी काचेची कुपी, उभ्या वाऱ्यात तरंगायचं यंत्र, कृत्रिम लाटेवरचा सर्फिंगचा खेळ. कॉलेजातल्या मुलांना त्यात तीन दिवस पुरत नाहीत. पण यातल्या बहुतेकांची आणि नाटकांची वेळ अ‍ॅपवर आधी राखून ठेवावी लागते. चढल्यावर बघू म्हटलं तर रिकामी वेळ उरत नाही.

सिंगापूर घेतलंच तर कागद वाढतात. सगळ्यांना सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, सिंगापूरचा व्हिसा, आणि तो एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना हे तपासणं, कारण मलेशिया-थायलंड करून तुम्ही परत सिंगापुरात शिरता. प्रवेशाचं ऑनलाइन कार्ड पोचायच्या तीन दिवसांच्या आत भरायचं. अण्णांच्या खिशात तंबाखूची पुडी असेल तर ती परभणीतच ठेवा. खाण्याची तंबाखू तिथे बंदीची आहे, आणि खसखसही. मसाल्याच्या डब्यात खसखस नाही ना, हे बघून घ्या. मुंबईच्या देशांतर्गत फेरीला आधार कार्ड पुरतं.

खर्चात भाड्याचा आकडा धरून फसू नका. बंदराचे आकार आणि कर वेगळे; मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांवर कर्मचाऱ्यांची बक्षिसी माणशी रोजी साधारण साडेअठरा डॉलर आपोआप लागते, लहान मुलांनाही. दहा जण, चार रात्री: 740 डॉलर. त्यावर विमान, सिंगापुरातली एक रात्र, इंटरनेट. जहाजावर पाय ठेवताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचा उपग्रहाचा मोबाइल टॉवर गुपचूप जोडला गेला, तर बिल केबिनच्या भाड्याशी स्पर्धा करेल.

जेवणाचं म्हणाल तर मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची फार काळजी नाही. भाकरी-ठेचा मिळणार नाही. घरी बनवलेलं जेवण कंपन्या आत नेऊ देत नाहीत. दुकानात बंद केलेली शेंगदाण्याची चटणी बहुतेक जाऊ देतात. रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतील तर पहिली मागा, नाहीतर अण्णांचं इन्सुलिन आणि जेवण यांची गाठ पडणार नाही. इन्सुलिन, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, कारण बंदरावर दिलेली बॅग केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. पाण्याची केटली, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. आगीच्या भीतीने ते काढून घेतात आणि उतरताना परत देतात. जुन्या केबिनमध्ये मोबाइल लावायला एक-दोनच जागा असतात, म्हणून प्लगविना चालणारी पॉवर बँक न्या.

आता रेल्वे. परभणीहून रात्रीची देवगिरी सकाळी सीएसएमटीला पोचवते आणि तिथून जहाज सुटतं तो बॅलार्ड पियर दीड-दोन किलोमीटर आहे, टॅक्सीने दहा मिनिटं. जहाज दुपारनंतर सुटतं, त्यामुळे त्याच दिवशी पोचणं कागदावर जमतं. पण जहाजाचं चेक-इन ठरल्या वेळी बंद होतं आणि गाडी तीन तास उशिरा आली म्हणून कोणी थांबत नाही. दोन म्हातारी माणसं बरोबर असताना आदल्या रात्री निघण्याऐवजी त्याच्या आदल्या रात्री निघा आणि एक मुक्काम मुंबईत करा. परतीला जहाज सकाळी लागतं, दुपारपर्यंत मोकळे होता; रात्रीची देवगिरी घ्या, दुपारची गाडी धरायची घाई नको. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, जहाजाचं त्याहून बरंच आधी. म्हणून आधी मधल्या केबिन हातात घ्या, अनामत भरा, आणि 60 वा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आई-अण्णांना खालचे बर्थ हवेत आणि देवगिरीत ते पहिल्या काही मिनिटांतच जातात.